यरीहोच्या भिंती आणि श्रद्धेचा पाया

व्हेर्नर केलर या जर्मन पत्रकाराने १९५५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. 'आणि तरीही बायबलचेच खरे' असा त्याच्या मूळ शीर्षकाचा आशय. पुढच्याच वर्षी तो 'द बायबल अ‍ॅज हिस्टरी' या नावाने इंग्रजीत आला आणि पाहता पाहता वीसहून अधिक भाषांत जाऊन पोहोचला. आपल्या वाचकांपैकी काहींच्या कपाटात तो असेल. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्याही कानांवर त्यातील निष्कर्ष एखाद्या प्रवचनातून वा धर्मशिक्षणाच्या वर्गातून पडले असण्याचा संभव आहे. 'जलप्रलयाचा पुरावा सापडला', 'मान्ना आजही मिळतो' अशी जी वाक्ये आपल्याकडे सहज उच्चारली जातात, त्यांच्या प्रसाराला या एका ग्रंथाने मोठाच हातभार लावला आहे.

शीर्षकातील 'तरीही' हा शब्द आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. बायबलवर जणू कोणी फिर्याद दाखल केली आहे, आणि कुदळ-फावडे घेतलेले साक्षीदार एकामागून एक पुढे येऊन आरोपीची निर्दोष मुक्तता करीत आहेत, अशी या ग्रंथाची एकंदर मांडणी आहे. केलर यांची शैली वेधक आहे हे मान्य केलेच पाहिजे. मारी, उगारित, निनवे ही नावे ज्यांनी कधी ऐकली नव्हती अशा लक्षावधी वाचकांना त्यांनी मध्यपूर्वेच्या मातीपर्यंत नेले. अब्राहामाची भटकंती ज्या जगात घडली ते जग नकाशावर आणि काळाच्या पटावर दाखविता येते, ही जाणीव सामान्य वाचकाला देणे हे लहान काम नव्हे. परंतु खटला चालविण्याच्या भरात वकिलाला अनेकदा भान राहत नाही, आणि तो आपल्या अशिलाचेच नुकसान करून बसतो.

जलप्रलयाचे प्रकरण थोडक्यात आटोपते. १९२९ साली लिओनार्ड वुली यांना उर येथे खोल खणताना मानवी वस्तीच्या दोन थरांमध्ये आठ फुटांहून अधिक जाडीचा स्वच्छ गाळ लागला, आणि हाच नोहाचा प्रलय असे त्यांनी जाहीर केले. पुढे कीश व शुरुप्पक येथेही पुराचे थर मिळाले. पण त्यांचा काळ उरच्या थराशी जुळेना. उरपासून अवघ्या काही कोसांवर असलेल्या एरिदूत तर तसा थर मिळालाच नाही. दोन महानद्यांच्या खोऱ्यात वारंवार भयंकर पूर येत असत, एवढेच यातून सिद्ध झाले.

मान्नाची गोष्ट मात्र अधिक उद्बोधक आहे. १९२७ साली यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठातील बोडेनहायमर व थेओडोर यांनी सीनायमध्ये जाऊन निरीक्षण केले. तेथील झाऊच्या झुडपांवर जगणारे बारीक कीटक एक गोड स्राव टाकतात, तो कोरड्या हवेत घट्ट होऊन कणांच्या रूपाने खाली पडतो, आणि तेथील बदाऊन लोक तो गोळा करतात, असे त्यांना आढळले. केलर हे सारे उत्साहाने सांगतात. पण निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना सहाव्या दिवशी दुप्पट पडतो आणि शब्बाथ दिवशी पडतच नाही. झाऊवरचे कीटक शब्बाथ पाळीत असल्याचे कोणा प्राणिशास्त्रज्ञाच्या नजरेस आलेले नाही! जी गोष्ट 'देवाने भाकर दिली' असे सांगण्यासाठी रचली गेली, तिच्यातून देवाला वजा करून भाकर तेवढी सिद्ध करायची, ही बायबलची बाजू घेण्याची विलक्षण रीत म्हटली पाहिजे.

आता यरीहो. या विषयाचा खरा कस येथेच लागतो, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे.

मृत समुद्राच्या उत्तरेस, बारमाही झऱ्याच्या काठी, तेल-एस-सुलतान नावाचे एक टेकाड आहे. हजारो वर्षांच्या मातीच्या घरांचे अवशेष एकावर एक साचून ते वीस मीटरांच्या वर उंच झाले आहे. जॉन गारस्टँग यांनी तेथे १९३० ते १९३६ या काळात उत्खनन केले. खर्च सर चार्ल्स मार्स्टन नावाच्या एका धनिकाने उचलला होता, आणि बायबल खरे असल्याचे जगाला दाखवावे ही त्यांची इच्छा लपलेली नव्हती. गारस्टँग यांना कोसळलेली दुहेरी तटबंदी व जळक्या मातीचा थर सापडला. त्यांनी त्याचा काळ इ.स.पू. १४०० च्या सुमाराचा ठरविला. राजांच्या पहिल्या पुस्तकात मिसरमधून निघाल्यानंतर ४८० व्या वर्षी शलमोनाने मंदिराचे काम आरंभिल्याचे म्हटले आहे. त्या हिशेबाशी हा काळ छान जुळत होता. वृत्तपत्रांना मथळा मिळाला, व्यासपीठांना दाखला मिळाला. यहोशवाने पाडलेल्या भिंती सापडल्या!

पुढे १९५२ ते १९५८ या वर्षांत कॅथलीन केन्यन त्याच टेकाडावर गेल्या. बायबलच्या हस्तलिखितांचे थोर अभ्यासक सर फ्रेडरिक केन्यन यांची ही कन्या. तिच्या मनात धर्मग्रंथाविषयी आकस असण्याचे कारण नव्हते. त्यांची पद्धत संथ आणि निष्ठुर होती: चर उभा कापायचा, प्रत्येक थर वेगळा ओळखायचा, त्यातील खापरे वेगळी ठेवायची. निष्कर्ष असा निघाला की गारस्टँग यांच्या त्या भिंती यहोशवापूर्वी सुमारे हजार वर्षे कोसळल्या होत्या. नंतर पुन्हा उभारलेले तटबंद नगर इ.स.पू. १५५० च्या सुमारास जळून नष्ट झाले. त्यानंतर चौदाव्या शतकातील वस्तीच्या अगदी तुरळक खुणा मिळतात, आणि तेराव्या शतकात, म्हणजे बहुसंख्य अभ्यासक इस्राएलचा कनानप्रवेश ज्या काळात धरतात त्या काळात, तेथे तटबंद नगर असल्याचा मागमूस नाही. १९९० मध्ये ब्रायंट वुड या संशोधकाने गारस्टँग यांचा कालनिर्णय पुन्हा उचलून धरला. परंतु १९९५ मध्ये त्या जळक्या थरातील धान्याची कार्बन-१४ पद्धतीने झालेली तपासणी केन्यन यांच्याच बाजूने गेली.

गारस्टँग यांच्या शोधावर ज्यांनी आपली श्रद्धा टेकविली होती त्यांचे काय झाले असेल? वीस वर्षांत टेकू निघाला. आज एखादा महाविद्यालयीन तरुण यरीहोविषयी वाचतो आणि घरी येऊन 'धर्मशिक्षणात आम्हांला खोटे शिकविले' असे म्हणतो, तेव्हा दोष केवळ त्या तरुणाचा नसतो. भिंतीचा पुरावा हाच वचनाचा आधार, असे त्याला आपणच शिकविलेले असते.

वास्तविक ख्रिस्तसभेने असे शिकविलेले नाही. पोप बारावे पायस यांनी १९४३ च्या 'दिव्हिनो आफ्लान्ते स्पिरितु' या परिपत्रकात प्राचीन लेखकांचे साहित्यप्रकार ओळखल्याखेरीज त्यांचे म्हणणे कळणार नाही असे बजावले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ च्या 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजात तेच पुढे नेले, आणि पवित्र शास्त्र जे सत्य निःसंशय शिकविते ते आपल्या तारणासाठी देवाने त्यात घातलेले सत्य होय, असे सांगितले. केलर यांचा ग्रंथ वाचताना या कसोटीची वारंवार आठवण होते, कारण त्या ग्रंथात साहित्यप्रकार हा विचारच नाही. काव्य, वंशावळ, दरबारी नोंद, उपासनेची कथा यांना तो एकाच तराजूत घालतो.

मराठी वाचकाला हा भेद कठीण जाऊ नये. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला आणि ते तेथे पडले, ही इतिहासातील घटना आहे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात कड्यावर चढणारी यशवंती घोरपड आहे. घोरपडीविषयी इतिहासकार शंका घेतात म्हणून पोवाडा कोणी फेकून देत नाही, आणि पोवाडा आहे म्हणून घोरपडीचे हाड शोधायला कोणी कडा खणीत नाही. हा दाखला यरीहोला पुरता लागू पडत नाही हेही सांगितले पाहिजे. सिंहगडाचा विजय अन्य साधनांनी पक्का आहे, यरीहोच्या विजयाला तसा आधार नाही. परंतु यहोशवाचा सहावा अध्याय उघडून पाहावा. सात याजक, सात कर्णे, सात दिवस, सातव्या दिवशी सात प्रदक्षिणा, मध्ये कराराचा कोश. ही लढाईची हकीकत कमी आणि उपासनेची मिरवणूक अधिक आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते या ग्रंथाला आजचे रूप इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांत, म्हणजे राज्य डळमळू लागल्यावर व पुढे हातचे गेल्यावर आले. भूमी आपण तलवारीने मिळविली नव्हती, ती देवाची देणगी होती, हे त्या हताश लोकांना सांगणे लेखकाला अगत्याचे होते.

केलर यांच्या पंथाचे वाचक आणखी एका गोष्टीकडे सहसा डोळेझाक करतात. भिंती अक्षरशः पडल्याच पाहिजेत असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी त्याच अध्यायाचे एकविसावे वचनही अक्षरशः घेतले पाहिजे. तेथे पुरुष, स्त्रिया, तरुण, वृद्ध, इतकेच नव्हे तर गुरेमेंढरेही तलवारीच्या धारेखाली गेल्याचे लिहिले आहे. विटांचा पुरावा मागताना आपण कशाचा पुरावा मागत आहोत? पुरातत्त्वाने यरीहोची ती कत्तल सिद्ध केली नाही, याचे आम्हांला दुःख वाटत नाही. तरीही ते वचन धर्मग्रंथात आहे आणि त्याचा जाच संपत नाही, हेही खरे. त्याच कथेत राहाब नावाची एक परकी, बदनाम स्त्री वाचते, आणि मत्तयच्या पहिल्या अध्यायात राहाबचे नाव प्रभूच्या वंशावळीत येते. शुभवर्तमानकाराने यरीहोतून काय उचलले हे त्यावरून दिसते.

इथवर आल्यावर काही वाचक दुसऱ्या टोकाला जातील: मग सारेच कथानक, सारेच रूपक! आम्हांला हे टोक पहिल्याइतकेच आळशी वाटते. जेथे बायबलचा लेखक इतिहास सांगतो तेथे मातीने त्याला अनेकदा साथ दिली आहे. १८९६ मध्ये मिसरात सापडलेल्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, म्हणजे इ.स.पू. १२०८ च्या सुमारास, कनानमधील लोक म्हणून इस्राएलचे नाव येते. दावीद हा केवळ दंतकथेतील राजा असे काही विद्वान म्हणू लागले होते. १९९३ मध्ये तेल दान येथे एका शत्रुराजाचा अरामी शिलालेख मिळाला, त्यात दावीदाच्या घराण्याचा उल्लेख आहे. इ.स.पू. ७०१ मधील सन्हेरिबाच्या स्वारीची कथा तर दोन्ही बाजूंनी लिहिलेली आपल्या हाती आहे. हिज्कीयाने दिलेल्या खंडणीत सोने तीस किक्कार होते यावर दुसरे राजे व अश्शूरी राजाची नोंद यांचे एकमत आहे. चांदी मात्र एकाकडे तीनशे व दुसऱ्याकडे आठशे आहे. यरुशलेम सर केल्याचा दावा सन्हेरीबही करीत नाही. असा तपशील, असा मतभेद, ही खऱ्या इतिहासाची चिन्हे आहेत.

आणि नव्या करारापाशी तर आपली गरजच वेगळी आहे. येशू पंतय पिलाताच्या अमलाखाली क्रूसावर खिळला गेला, असे आपण दर रविवारी म्हणतो. जगातील कोणत्याही धर्माच्या विश्वासांगीकारात एका रोमी अधिकाऱ्याचे नाव असण्याचे कारण एवढेच, की ही घटना काळात घडली. १९६१ मध्ये कैसरिया येथे पिलाताचे नाव कोरलेला शिलाखंड मिळाला, तो आपल्याला म्हणून प्रिय आहे. मात्र त्याने पिलाताचे अस्तित्व नव्याने सिद्ध केले असे म्हणू नये. फिलो, योसेफस व टॅसिटस यांना तो ठाऊक होताच. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेस एका थडग्यातील अस्थिपेटीत टाचेच्या हाडात लोखंडी खिळा अडकलेला सापडला. क्रूसावर मेलेल्या माणसाच्या देहाला नातलगांकडून दफन मिळू शकत होते, हे त्या हाडाने दाखविले. थडगे रिकामे झाले की नाही, हे मात्र कोणतेही हाड सांगणार नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, अशा आशयाचे पौलाने करिंथकरांना लिहिले तेव्हा त्याने साक्षीदारांची नावे सांगितली. खणायला कोणाला पाठविले नाही.

कुमरानचे उत्खनन करणारे डॉमिनिकन धर्मगुरू रोलाँ द व्हो यांनी आयुष्य मातीत घालविल्यावर १९७० साली या विषयावर एक निबंध लिहिला. बायबलचे धार्मिक सत्य पुरातत्त्वाने सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. केलर यांच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. शीर्षकातील तो 'तरीही' तिच्यातही कायम राहिला.

हा ग्रंथ घरातून काढून टाकावा असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या शेजारी केन्यन यांचे १९५७ चे 'डिगिंग अप जेरिको' ठेवावे, आणि मुलांच्या हाती ते आधी द्यावे. यहोशवाच्या जवळपासच्या काळातले म्हणून त्या विदुषीला टेकाडावर जे मिळाले त्यात एका घराच्या जमिनीचा जेमतेम चौरस मीटरभर तुकडा, एक लहान मातीची भट्टी आणि तिच्या शेजारी पडलेला एक छोटा कुंजा होता. कोणा कनानी बाईचे ते स्वयंपाकघर असावे, आणि कर्ण्यांचा आवाज ऐकून हातातला कुंजा टाकून ती पळाली असावी, अशी कल्पना करण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही.