पांढरा खडू सर्वांत शेवटी

एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांमधल्या वस्तुचित्राने आपल्या मुलांच्या हाताला एक क्रम लावून दिला आहे. पांढरा कागद, फिकट बाह्यरेषा, खोडरबर, मग रंग, आणि वेळ उरलाच तर कोपऱ्यात थोडी सावली. परवा एका ड्रॉइंगच्या सरांचा तास मागच्या बाकावर बसून पाहिला. त्यांनी हा क्रम पार उलटा केला होता. समोर पाचवी-सहावीची मुलं, टेबलावर एक अंडं आणि एक वांगं. हातात सॉफ्ट पेस्टल, म्हणजे कोरडे, भुकटी सोडणारे खडू. मुलांच्या दप्तरात असतात ते तेलकट ऑइल पेस्टल नव्हेत.

पहिली खुबी कागदातच होती. सरांनी राखाडी, खरबरीत कागद वाटला आणि दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून जास्त खरखरीत बाजू मुलांनाच शोधायला लावली. खडूची भुकटी धरून ठेवते ती हीच खरखर. पण खरी गंमत रंगाची. पांढऱ्या कागदावर सर्वांत उजळ छटा आधीच हजर असते. मुलाने करायचं ते फक्त गडद करणं. राखाडी कागदावर मधली छटा फुकटात मिळते आणि तिथून अंधाराकडेही जाता येतं, उजेडाकडेही. उजेड ही आपण आणून ठेवायची वस्तू आहे, हे एकही वाक्य न बोलता मुलांच्या हातात आलं.

मग खिडक्या लावल्या, ट्यूबलाइट बंद केली आणि डाव्या बाजूला, जरा उंचावर, एकच टेबललॅम्प लावला. वर्गात दोन ट्यूब पेटलेल्या असल्या की प्रत्येक वस्तूला दोन-दोन अर्धवट पडछाया फुटतात आणि मूल बिचारं गोंधळतं. एका दिव्याने सावली एकवचनी झाली. ‘डोळे किलकिले करा,’ सर म्हणाले. बारीक तपशील विरघळले आणि उरले उजेडाचे व अंधाराचे दोन-चार मोठे तुकडे. ते दिसेपर्यंत कुणालाही खडू मिळाला नाही.

मिळाला तोही अख्खा नव्हे. बोटाच्या पेराएवढा गडद जांभळा तुकडा, आणि तो आडवा धरून चालवायचा. टोकाने रेघ निघते, कुशीने पट्टा. त्यामुळे कागदावरची पहिली खूण बाह्यरेषेची नव्हतीच, सावलीच्या आकाराची होती. काळा खडू सरांनी पेटीतून आधीच काढून ठेवला होता. वांग्याचा अंधार जांभळ्यावर गडद निळा आणि त्यावर किंचित तपकिरी चढवून आला. तो खोल दिसत होता. काळ्याने कागदाला नुसतं भोक पडल्यासारखं दिसलं असतं.

अंड्यापाशी मात्र मला बाकावरून पुढे सरकावंच लागलं. पांढऱ्या वस्तूची सावली ही मोठ्यांचीही परीक्षा. अंड्यावरचा सर्वांत गडद पट्टा कडेला नसतो, कडेच्या जरा अलीकडे असतो. कडेशी टेबलावरून उलटून आलेला मंद उजेड असतो. नेमका हा परावर्तित प्रकाश बहुतेक जण गिळून टाकतात आणि अंडं चपटं होतं. इथे एक मुलगी ओरडली, ‘सर, अंड्याला वांगं लागलंय!’ खरंच, वांग्याच्या बाजूने अंड्याच्या पोटावर पुसट जांभळी झाक आली होती. सर शांतपणे म्हणाले, ‘दिसतंय ना? मग काढ.’ तिने जांभळा खडू जेमतेम टेकवला आणि खाली राखाडी कागद तसाच मोकळा सोडला. त्या जागी कागद हेच अंडं झालं होतं. इतकी नेमकी काटकसर शिकवून येत नाही म्हणतात. इथे ती शिकवली जाताना दिसत होती.

पडछायेतही तसंच. वस्तू टेबलाला टेकते तिथे सावली अरुंद, गर्द आणि धारदार. लांब जाईल तशी फिकी आणि कडेला विस्कटलेली. बोटाने घासायची परवानगी फक्त या लांबच्या टोकाला. या खडूंत रंगद्रव्य आणि भुकटी धरण्यापुरताच डिंक असतो, तेलाचा थर नाही. मोकळ्या कणांवर उजेड विखुरतो म्हणून तर पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. घासत सुटलं की कण दबतात आणि रंग मरतो. पुरावा म्हणून सरांनी झाँ-सिमेओं शार्दँ या फ्रेंच चित्रकाराच्या 1775 च्या आत्मचित्राची छापील प्रत भिंतीला लावली होती. मूळ पेस्टल लूव्र संग्रहालयात आहे. उतारवयात डोळे तैलरंगांना साथ देईनात, तेव्हा हा बुवा पेस्टलकडे वळला. पंचाहत्तरीच्या त्या चेहऱ्यावर डोळ्यांवरच्या झापडीची सावली पडली आहे, आणि गालावर खडूचे फटकारे एकमेकांशेजारी न घासता सुटे ठेवलेले आहेत. मुलांनी प्रतीला नाक लावून ते पाहिले.

पांढरा खडू निघाला तो तास संपायला दहा मिनिटं असताना. अंड्याची त्वचा निस्तेज, म्हणून तिथला उजेड रुंद आणि मऊ. त्याला आधी मलईचा रंग आणि वर पांढऱ्याचा हलका हात. वांगं तकतकीत, म्हणून त्यावर एकच लहान, कडक ठिपका. दाबायचा, उचलायचा, पुन्हा गिरवायचा नाही. पांढरा दोन्हीकडे तोच, पण गडद जांभळ्याच्या शेजाराने वांग्यावरचा ठिपका अंड्यापेक्षाही पांढरा दिसू लागला. पुढच्या बाकावरच्या एका पोराने तो गिरवलाच, आणि ठिपक्याची चकती झाली.

एक बारकावा जाता जाता. भुकटी बसवणारा फिक्सेटिव्हचा फवारा सरांनी व्हरांड्यात, मुलांना लांब ठेवून मारला. तोही या शेवटच्या पांढऱ्याच्या आधी. फवाऱ्याने फिक्या छटा बसतात, मंदावतात. म्हणून उजळ जागा त्यानंतर लावायच्या आणि त्या न फवारता बटर पेपरखाली ठेवायच्या. चित्र घरी नेताना गुंडाळी करायची नाही, हे मात्र सरांना तीनदा सांगावं लागलं.