कृत्रिम भाषेतील नातेवाचक शब्दांची व्यवस्था

झामेनहॉफ यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतो भाषेत 'पात्रो' म्हणजे पिता. त्यापासून प्रत्ययाने 'पात्रिनो' (माता) व उपसर्गाने 'बोपात्रो' (सासरा) हे शब्द सिद्ध होतात. ही योजना नियमबद्ध खरी. परंतु 'बोफ्रातो' या एकाच शब्दात दीर व मेहुणा दोघेही सामावतात. कन्हानकडील वैदर्भी बोलीत तर पतीचा वडील भाऊ तो 'भासरा' व धाकटा तो 'दीर'. पहिल्याशी मर्यादा आणि दुसऱ्याशी मोकळीक हा परंपरागत संकेत या भेदामागे आहे. नियमबद्धतेसाठी असे भेद गाळावेच लागतात, असे मात्र नव्हे. चुलत, आते, मामे, मावस ही चार पदे 'भाऊ' व 'बहीण' यांस जोडून मराठी आठ नाती नियमानेच साधते. यास्तव भाषा रचणाऱ्याने आधी भेद निश्चित करावेत, मग प्रत्यय.