तारकांआडचा शब्द

बेसिक भाषेत पासवर्ड विचारायला एक ओळ पुरते. ‘इनपुट’ लिहायचं, पुढे चलाचं नाव द्यायचं, झालं. मात्र टाइप केलेलं प्रत्येक अक्षर पडद्यावर ढळढळीत उमटतं आणि पाठीशी उभा असलेला माणूस ते सहज वाचतो. अक्षरं झाकायची तर थोडे अधिक कष्ट पडतात. जीडब्ल्यू-बेसिकमधला तो प्रोग्रॅम देवनागरीत उतरवला तर असा दिसतो:

१० प्रिंट "पासवर्ड? "; : पी$ = ""
२० के$ = इन्की$ : इफ के$ = "" देन २०
३० इफ के$ = सीएचआर$(१३) देन ८०
४० इफ के$ = सीएचआर$(८) देन ७०
५० पी$ = पी$ + के$ : प्रिंट "*";
६० गोटू २०
७० इफ लेन(पी$) > ० देन पी$ = लेफ्ट$(पी$, लेन(पी$) - १) : प्रिंट सीएचआर$(२९); " "; सीएचआर$(२९);
७५ गोटू २०
८० प्रिंट
९० इफ पी$ <> "कोयना" देन १०

या दहा ओळी मी कवितेसारख्या वाचतो, कारण कवितेसारखंच इथलं एकही चिन्ह हलवता येत नाही.

विसाव्या ओळीपाशी थांबा. ‘इन्की$’ कळ दाबली जाण्याची वाट पाहत नाही. या क्षणी कळ दाबलेली आहे का, एवढंच ते पाहतं आणि नसेल तर रिकामे हात परत येतं. मग ओळ स्वतःकडेच वळते आणि पुन्हा विचारते. पाहुणे यायचे असले की घरातलं मूल सारखं दाराशी जाऊन ‘आले का, आले का’ करतं, तशी ही ओळ आहे. आपण पहिलं अक्षर आठवत असतो तेवढ्या वेळात ती असंख्य वेळा दाराशी जाऊन आलेली असते.

पन्नासावी ओळ हा या रचनेचा गाभा. कोलनच्या अलीकडे खरं अक्षर ‘पी$’मध्ये जाऊन बसतं, पलीकडे पडद्यावर तारका उमटते. टाइपरायटरवर कळ दाबली की दांडा उठतो आणि तेच अक्षर कागदावर आपटतं. त्या सवयीने कळ आणि पडद्यावरचं अक्षर एकच, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. दाबलेलं अक्षर कोणीतरी मुद्दाम पडद्यावर छापत असतं. ‘इनपुट’ हे काम आपल्या नकळत करतं. चुकलेलं खोडायचं आणि एंटरला थांबायचं हेही तेच सांभाळतं. ‘इन्की$’ यातलं काहीच करत नाही, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही कामं एकेक करून स्वतःच्या हाताने करावी लागतात. इनपुटने आजवर किती गोष्टी निमूटपणे केल्या, हे ते नसतानाच कळतं. ओळीच्या शेवटचा अर्धविरामही नीट पाहावा. तो काढला तर तारका शेजारी न बसता एकाखाली एक पडत जातील.

सत्तरावी ओळ मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिच्यात माणसाच्या चुकीची काळजी आहे. सीएचआर$(२९) कर्सरला एक घर मागे नेतं. मोकळी जागा छापली की तारका पुसली जाते, पण त्या छापण्यानेच कर्सर पुन्हा पुढे सरकतो. म्हणून परत एकदा मागे. मागे, पुसणं, मागे: ही तीन पावलं नसतील तर चुकीची दुरुस्ती पडद्यावर दिसणार नाही. आणि आधीची ‘लेन(पी$) > ०’ ही अट? ती नसती तर एकही अक्षर नसताना बॅकस्पेस दाबणाऱ्याच्या तोंडावर ‘इल्लीगल फंक्शन कॉल’ आदळला असता आणि प्रोग्रॅम तिथेच थांबला असता.

‘इनपुट$(६)’ लिहूनही अक्षरं लपतात. ते पडद्यावर काहीही न दाखवता बरोबर सहा कळा घेतं. पण तिथे खोडता येत नाही आणि कळ पोहोचली की नाही हेही कळत नाही. युनिक्सचं लॉगिनही पासवर्ड घेताना गप्प राहतं. त्यामुळे शब्दाची लांबीसुद्धा बाहेर पडत नाही. तारका लांबी उघड करतात, ही त्यांची किंमत आहे. तरीही नवख्या माणसासाठी मी तारकांच्याच बाजूने उभा राहीन, कारण प्रत्येक तारका त्याला ‘पोचलं’ म्हणून सांगते.

१९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक सुरू केली तेव्हा समोर टेलिटाइप होता, म्हणजे कागद. कागदावर उमटलेलं पुसता येत नाही. त्या काळच्या काही यंत्रणा पासवर्डाच्या जागी आधीच अक्षरांवर अक्षरं छापून ती जागा काळी करत, मग त्या काळ्या पट्टीवर टाइप करायला सांगत. सत्तरावी ओळ लिहायला काचेचा पडदाच यावा लागला.

या रचनेचं बळ किती, हेही सांगायला हवं. नव्वदाव्या ओळीत ‘कोयना’ उघडाच आहे. ‘लिस्ट’ म्हणताच दिसतो. शब्द अर्धा टाइप झालेला असताना कंट्रोल-ब्रेक दाबून ‘प्रिंट पी$’ म्हटलं तर तेवढा शब्द समोर येतो. लग्नातल्या अंतरपाटासारखं आहे हे: समोरच्यापासून चेहरा झाकला जातो, बाजूला उभ्या असलेल्यांना सगळं दिसत असतं. आणि प्रोग्रॅमने कबूल केलं होतं तेही समोरच्या पडद्यापुरतंच.

एक खरी उणीव मात्र आहे. बाणाची कळ दाबली की ‘इन्की$’ दोन अक्षरं परत देतं. दोन्ही ‘पी$’मध्ये शिरतात, तारका एकच उमटते, आणि पडदा व स्मृती यांचा हिशेब चुकतो. ओळींना दहा-दहाच्या अंतराने क्रमांक देण्याची बेसिकवाल्यांची जुनी रीत इथे कामी येते. चाळीस आणि पन्नासच्या मध्ये जागा मोकळी आहे. जुनी बेसिक चालवणारी साधनं आजच्या संगणकावरही मिळतात. हा प्रोग्रॅम स्वतः टाइप करून पाहा, आणि ‘रन’ म्हणण्याआधी ही ओळ घाला:

४५ इफ लेन(के$) > १ देन २०