संशोधक विद्यार्थी आणि अध्यापनाचा अनुभव : आयोगाच्या तरतुदींची चिकित्सा

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी. पदवीसंबंधीचे नवे विनियम जारी केले. एम.फिल. बंद झाले आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती उठली, या दोन बाबींभोवतीच त्यांची चर्चा फिरली. अध्यापनविषयक तरतुदीकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. ही तरतूद अवघ्या दोन वाक्यांची आहे. पहिल्या वाक्यानुसार, विद्याशाखा कोणतीही असो, संशोधकाने आपल्या विषयाशी निगडित अध्यापन, अध्यापनशास्त्र वा लेखन यांचे प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे. दुसऱ्या वाक्यानुसार त्याच्याकडे आठवड्याला ४ ते ६ तासांचे अध्यापन वा संशोधन साहाय्य सोपविता येईल, तेही ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापन यांसाठी. म्हणजे प्रशिक्षण सक्तीचे, प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर उभे राहणे ऐच्छिक.

अशा साहाय्यामागे एक विशिष्ट रचना गृहीत आहे. अमेरिकन विद्यापीठांत प्राध्यापक व्याख्यान देतो आणि संशोधक विद्यार्थी त्याच्या देखरेखीखाली लहान गटांशी चर्चा करतो. आपल्याकडील विज्ञान विभागांत प्रात्यक्षिकांच्या तुकड्यांमुळे हे काही अंशी शक्य होते. कला आणि वाणिज्य शाखांत तासिका म्हणजे व्याख्यान हेच समीकरण रूढ आहे. तेथे साहाय्यकाला जागाच नाही; एकतर वर्ग मिळत नाही किंवा संपूर्ण वर्गच हाती येतो.

नागपुरात दुसरा प्रकार अधिक परिचयाचा आहे. विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग शहराच्या पश्चिमेस, अमरावती मार्गावर, नंदनवन पूर्वेस. या दोन टोकांमधील प्रवास अनेक संशोधकांच्या दिनक्रमाचा भाग असतो. पूर्वेकडील एखाद्या महाविद्यालयात सकाळी तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि दुपारी विभागात किंवा ग्रंथालयात बसायचे. ‘लीळाचरित्रा’च्या पाठभेदांवर काम करणारा संशोधक वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला मराठी शिकवितो. यात त्याचे नुकसानच होते असे नाही. पाठभेद म्हणजे काय, हे विषयाशी संबंध नसलेल्या वर्गाला समजावून सांगताना प्रबंधातील एखाद्या प्रकरणाचा गुंता सुटू शकतो. हा लाभ मार्गदर्शकाच्या खोलीत मिळत नाही. परंतु तो योगायोगाने मिळतो. वर्गात मागच्या बाकावर बसून तासिका पाहणारा, नंतर दोन शब्द सांगणारा ज्येष्ठ सहकारी बहुधा नसतो. नेमणूक रिक्त जागेचा कार्यभार भागविण्यासाठी असते; त्यामुळे तासिका झाली की नाही याची नोंद राहते, कशी झाली याची नाही. उमेदवारी आणि बदली मजुरी यांतील फरक येथेच आहे.

या अनुभवाची गणना कशी होते, हा यापुढचा प्रश्न. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पदवी मिळविण्यासाठी लागलेला काळ अध्यापनाचा अनुभव म्हणून धरलेला नाही. मात्र कोणतीही रजा न घेता, अध्यापन करीत असतानाच संशोधन केले असेल, तर ती सक्रिय सेवा सरळ नियुक्ती आणि पदोन्नती यांसाठी ग्राह्य आहे. हे वाचून तासिका तत्त्वावरील संशोधकाला दिलासा वाटावा. तो फार टिकत नाही. पूर्वसेवेच्या गणनेविषयीच्या कलमात तात्पुरत्या सेवेसाठी अन्य अटींसोबत अशीही अट आहे की, एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक एकूण वेतनापेक्षा कमी नसावे. ज्याला मोबदला तासिकेगणिक मिळतो, त्याच्याकडून ही अट पूर्ण होणार कशी? एका कलमाने उघडलेले दार दुसरे कलम बंद करते, आणि तेही अध्यापनाच्या दर्जावरून नव्हे, वेतनाच्या आकड्यावरून. वेतन ठरविणारा मात्र तो नसतो. अभ्यासक्रम पूर्ण करून घेण्यास जो अनुभव पुरेसा मानला गेला, तोच गणनेच्या वेळी अपुरा ठरतो.

ही अट कमी वेतनावर नेमणुका करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून घातली असेल, असा युक्तिवाद करता येईल. तथापि तिचा भार नेमणाऱ्यावर न पडता नेमलेल्यावर पडतो, हे त्यातून नाकारता येत नाही.

२०२२ च्या विनियमांतच यावर एक साधा उपाय शक्य होता. संशोधकाला प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उपस्थित राहून प्रगती मांडावी लागते. त्याच बैठकीत त्याच्या दोन तासिकांचे निरीक्षण-टिपण ठेवता आले असते, मग तासिका विभागातील असोत वा नंदनवनातील महाविद्यालयातील. समितीला नेमून दिलेल्या कामांत मात्र संशोधनाचा विषय, अभ्यासपद्धती आणि कामाची प्रगती एवढ्याच बाबी आहेत.