आरेचं जंगल पायथॉनमध्ये सुकतं तेव्हा

आरेत मेट्रो कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये झाडं तोडली गेली. तेव्हापासून 'आरेची हिरवाई किती घटली?' हा प्रोजेक्टचा आवडता विषय झालाय. कृतीही ठरलेली. सेंटिनेल-२ चं २०१८ च्या डिसेंबरचं एक चित्र डाउनलोड करायचं, २०२२ च्या डिसेंबरचं दुसरं, रास्टरिओने उघडून दोन्हींचा एनडीव्हीआय काढायचा, वजाबाकी करायची, लाल नकाशा तयार. विषय उत्तमच आहे, माझा आक्षेप या कृतीवर आहे.

२५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने या चित्रांच्या आकड्यांत १००० मिळवायला सुरुवात केली, म्हणजे गडद जागांचे शून्याखालचे आकडे कापले जात नाहीत. चांगली सोय, पण जुन्या कोडला ती माहीत नाही. हिशोब करून बघा. दाट झाडीच्या पिक्सेलला लाल पट्ट्यात ४०० आणि निअर-इन्फ्रारेडमध्ये ३००० असतील, तर वजाबाकी २६००, बेरीज ३४००, एनडीव्हीआय ०.७६. नव्या फाइलमध्ये तीच झाडी १४०० आणि ४००० दाखवते. वजाबाकी तीच, बेरीज ५४००, उत्तर ०.४८. एक पानही न पडता जंगल सुकलं!

२०२३ च्या अखेरीस कोपर्निकसचं जुनं डाउनलोड केंद्र बंद झालं तेव्हा सेंटिनेलसॅटचे कोड सरळ अडकले. ते परवडलं, एरर तरी दिसते. इथे एरर येत नाही, नकाशा येतो. आणि कारशेडचा तुकडा आरेच्या मानाने लहान, त्यामुळे सगळंच लाल झालं की खरी तोड त्यातच हरवते. असा नकाशा कुणी सुनावणीत ठेवला, तर समोरचा वकील तो पाच मिनिटांत खोडेल, आणि त्याच्यासोबत खरी तोडही.

तारखेवर विसंबू नका, कारण जुनी चित्रंही नव्याने प्रक्रिया करून दिली जातात. फाइलच्या नावात 'एन' नंतरचे चार आकडे बघा. ०४०० किंवा पुढचे असले तरच १००० वजा करायचे, तेही आधी फ्लोटमध्ये बदलून. नाहीतर १६ बिटांत ८०० वजा १००० म्हणजे ६५३३६ होतात (हे एकदा छापून बघाच). अर्थ इंजिनच्या 'हार्मोनाइज्ड' संग्रहात हे काम आधीच झालेलं असतं, तिथे पुन्हा वजा करायचं नाही.

मग बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा, जिथे तोड झालेली नाही असा एक दाट तुकडा घ्या आणि त्याच दोन तारखांचा फरक काढा. तिथेही पाव अंकाची घट दिसली, तर आरेबद्दल एक ओळही लिहू नका.