काचेवरचा गांधार

नव्या वाद्याला आपल्या देवघरात शिरायचे असेल तर आधी ओसरीवर पुष्कळ दिवस ताटकळत बसावे लागते. पेटीचेच पाहा. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिचा पायभाता काढून हातभाता बसवला, आणि ही परदेशी बाई आपल्या बैठकीत मांडी घालून बसली. गोविंदराव टेंबे यांनी तिला बोलती केली. १९११च्या ‘मानापमान’च्या चाली बांधल्या त्या ह्याच टेंब्यांनी. इतका मान मिळूनही १ मार्च १९४० रोजी ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. आज भजन, कीर्तन, ख्याल किंवा शाळेतली प्रार्थना घ्या, पेटीवाचून पान हलत नाही. तिला परकी म्हणणाराच आता परका वाटेल.

त्याच ओसरीवर आता टॅब्लेट येऊन बसला आहे. २०२०च्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा पोरांच्या अभ्यासासाठी म्हणून तो कित्येक घरांत आला आणि पाहुण्यासारखा न राहता घरचाच झाला. अभ्यास त्यावर किती झाला हे आम्हा मास्तरांना विचारू नये. गाणे मात्र पुष्कळ झाले. कोणी त्यावर तबला लावून बसते, कोणी तंबोरा, कोणी आख्खा वाद्यवृंद जमवते. तेव्हा ह्या काचेच्या पाटीला वाद्य म्हणायचे की खेळणे, याचा निवाडा करायची वेळ आली आहे. मी संगीताचा पंडित नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना मराठी शिकवतो. पण कानाला पदवी लागत नाही, आणि कलाकृतीतला कस कुठे आहे आणि कुठे नाही हे ताडणे तर आमचा रोजचा धंदा.

पेटीवरचे आक्षेप काय होते, ते आधी नीट आठवू; कारण तीच आपली फूटपट्टी. ते मुख्यतः दोन होते. पहिला असा की पेटीला मींड येत नाही. षड्जावरून गांधारावर जाताना गळा वाटेतली सारी जमीन तुडवत जातो, आणि पेटी पायरीवरून पायरीवर उडी मारते. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडा आणि कान देऊन बसा. तार षड्जाची, पण थोड्या वेळाने तिच्यातून न छेडलेला गांधार उमलू लागतो. जाणकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग केले, तर हा गांधार षड्जापासून सुमारे ३८६ भागांवर बसतो. पेटीचा गांधार बसवलेला असतो ४०० भागांवर. चौदा भागांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, कानाला मात्र नव्या चपलेसारखा चावतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींच्या मोजमापात आयुष्याची वर्षे घातली, श्रुतिपेट्यांचे प्रयोग झाले, ते ह्या चावण्यापायीच.

ही फूटपट्टी टॅब्लेटला लावली की एक गंमत होते. दोन्ही आक्षेप तो उडवून लावू शकतो! काचेला पट्ट्या नाहीत. बोट उचलल्यावाचून ते स्वरावरून स्वरावर घसरत नेता येते. ‘जिओश्रेड’ नावाच्या कार्यक्रमात तारेच्या कंपनांचे गणित मांडलेले आहे. बोट जसे सरकेल तसा स्वर वाकतो. महेश राघवन हे कलावंत त्यावर कर्नाटक संगीतातल्या कृती वाजवतात. गमक हा ज्या संगीताचा प्राण, ते संगीत काचेवर गमकासकट उभे राहते, हे मी कानांनी ऐकले आहे. गांधाराचे म्हणाल, तर तो हवा तेवढा उतरवायची सोय अनेक कार्यक्रमांत आहे. म्हणजे जे पेटीला जन्मात साधले नसते ते ह्या पाटीला पहिल्या दिवसापासून साधते. टॅब्लेटला ‘यंत्र’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावे. शिवाय वीणासुद्धा सुताराने केलेले यंत्रच आहे.

मग अडते कुठे? ते सांगण्यासाठी तीन कलाकृतींचा विचार करतो. एक जगप्रसिद्ध आहे, दोन आमच्या शाळेतल्या.

पहिली कृती ‘गोरिलाझ’ ह्या इंग्लिश मंडळींची ‘द फॉल’ ही ध्वनिमुद्रिका. डेमन अल्बार्न हा तिचा कर्ता. २०१०च्या एप्रिलात आयपॅड बाजारात आला, आणि त्याच वर्षीच्या शरदात अमेरिकेचा दौरा करता करता अल्बार्नने ही गाणी मुख्यतः आयपॅडवर रचली. नाताळाच्या दिवशी ती चाहत्यांना फुकट वाटली. विक्रीस आली ती २०११त. डेट्रॉइट, अमारिलो, फिनिक्स, सिॲटल अशी गावांची नावे गाण्यांना आहेत. हॉटेलाच्या खोलीत, मोटारीच्या खिडकीशी बसून लिहिलेली ही रोजनिशीच. काही पाने नुसत्या टिपणासारखी आहेत, ठेका लावून दिला आणि कर्ता दुसरीकडे पाहत बसला अशी. पण ‘अमारिलो’ ऐकावे. संथ, उदास, विस्तीर्ण माळावर संध्याकाळी एकटेच उरल्यासारखे. ‘बॉबी इन फिनिक्स’मध्ये बॉबी वोमॅक ह्या बुजुर्ग गायकाचा खरखरीत गळा येतो, आणि सारी इलेक्ट्रॉनिक भांडीकुंडी बाजूला सारून माणूस पुढे येऊन बसतो. ही मुद्रिका अल्बार्नची सर्वोत्तम कृती नव्हे. पण ती खरी आहे. आणि ती खरी झाली, कारण आयपॅड हाती येण्यापूर्वी वीसेक वर्षे हा माणूस गाणी रचत होता. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे त्याच्या कानाला आधीच ठाऊक होते. यंत्राने त्याला कागद पुरवला. अक्षर त्याचे स्वतःचे होते.

आता आमच्या शाळेकडे वळतो. स्नेहसंमेलनासाठी नववीतल्या एका मुलाने टॅब्लेटवर चार मिनिटांची रचना केली. साधन ‘गॅरेजबँड’, जे २०११च्या मार्चमध्ये आयपॅडवर आले आणि आता फुकट मिळते. ढोल, गिटार, व्हायोलिनचा ताफा, सगळे जिथल्या तिथे. पोरगा अभिमानाने मला म्हणाला, “सर, यात बेसूर वाजतच नाही. कुठंही बोट ठेवा!”

ते खरे होते. ह्या कार्यक्रमात एक सोय आहे. स्वरांचा एखादा मेळ निवडला की बाकीचे स्वर पाटीवरून नाहीसेच होतात. दुसऱ्या सोयीने ताल चुकला तर चुकलेली मात्रा ओढून जागेवर बसवली जाते. तिसरीत गिटारीचे स्वरसमूह आयते मांडून ठेवलेले असतात, बोट लावायचाच अवकाश. मुलाची रचना मी तीनदा ऐकली. कानाला काही खुपले नाही, आणि काही लागलेही नाही. नंतर आठवू म्हटले तर तिच्यातली एक ओळ आठवेना. लग्नाच्या पंगतीतल्या कागदी द्रोणासारखी ती होती: स्वच्छ, नीटस, आणि हजारातला एक.

मुलाला मी दोष देत नाही. ज्याच्या घरात कधी वाद्य आले नाही, त्याच्या हाती एका संध्याकाळी आख्खा वाद्यवृंद आला, ही काही लहान गोष्ट नव्हे. दोष त्या सोयींच्या मागच्या समजुतीचा आहे. बेसूर होणे हा कमीपणा असून तो टळला की संगीत झाले, अशी ती समजूत. पण कान घडतो तो बेसुरानेच. तंबोरा लावताना तार चढी होते, उतरी होते, खुंटी पिळून आणि मणी सरकवून ती पुन्हा पुन्हा जागेवर आणावी लागते; आणि ह्या खटाटोपात ‘जागा’ म्हणजे काय ते शिष्याला कळते. चुकायची वाटच बुजवून टाकली, तर बरोबर कशाला म्हणतात हे कळायचे कसे? शुद्धलेखनाच्या वहीत मीच सारे ऱ्हस्व-दीर्घ आधी छापून दिले, तर मुलाला गुण मिळतील, मराठी येणार नाही.

तिसरी कृती त्याच वर्गातल्या मुलीची. तिच्या घरी पिठाची गिरणी आहे. तिने काय केले, तर टॅब्लेटवर गिरणीची घरघर ध्वनिमुद्रित केली. मग त्याच टॅब्लेटवरचा तंबोरा त्या घरघरीशी जुळवू लागली. गिरणी ना काळी एकमध्ये होती, ना पांढरी दोनमध्ये. दोहोंच्या मधे कुठेतरी होती. मी विचारले, “मग गिरणीचाच आवाज का नाही चढवलास? त्यात सोय आहे म्हणतात.” ती म्हणाली, “गिरणी आमची अशीच वाजते, सर. तंबोराच सरकवला थोडा थोडा.”

त्या सुरावर ती आजीकडून शिकलेल्या ओव्या गायली. गळा साधाच. पण एका जागी मी दचकलो. गिरणीत दळण पडले की मोटारीवर भार येतो आणि घरघर किंचित उतरते. तिथे तिने तंबोरा थांबवला होता, आणि गिरणीबरोबर स्वतःचा आवाजही त्याच बेताने उतरवला होता. आपल्या खापरपणज्यांनी जात्याच्या घरघरीत षड्ज शोधला आणि त्यावर ओवी रचली. जाते गेले, गिरणी आली. गिरणीत षड्ज आहे हे कोणाच्या कानी आले नव्हते, ते ह्या पोरीच्या आले. आणि हे कबूल केले पाहिजे, की टॅब्लेट नसता तर ते तिला आम्हांला ऐकवता आले नसते.

साधन एकच, वर्ग एकच, आणि दोन कृतींत एवढे अंतर! एकाने यंत्राला विचारले, ‘काय वाजवू?’ दुसरीने आधी ऐकले आणि मग यंत्राला कामाला लावले. माझ्या मते टॅब्लेटवरच्या संगीताची परीक्षा इथे होते. साधनाने किती वाजवून दिले हे मोजण्यात अर्थ नाही. वाजवणाऱ्याला त्याने किती ऐकायला लावले ते पाहावे. ‘द फॉल’ ह्या परीक्षेत उतरते, ते तिचा कर्ता मुरलेला होता म्हणून. मुलीची रचना उतरते, कारण तिच्या घरात एक सूर वर्षानुवर्षे घुमत होता आणि तिला तो ओलांडून जाववले नाही.

याच जागी मिरजेची आठवण होते. तिथले कारागीर पिढ्यान्पिढ्या भोपळ्यातून तंबोरे घडवत आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. घोडीचा माथा घासून घासून जवारी काढणारा तो कारागीर काय करत असतो? तार घोडीला कुठे किती स्पर्शते ते कानाने तपासत असतो. टॅब्लेटमधला तंबोरा सुरात असतो तो अशाच कोणा जवारीदाराच्या पुण्याईवर; काचेतून ऐकू येते ती त्याच कानाची छाया. दिवाणखान्यात तंबोरा ठेवायला जागा नाही, मिरजेला जायला सवड नाही आणि दोन खोल्यांच्या घरात शेजाऱ्यांची झोप सांभाळायची आहे, अशांच्या मुलीला ती छायाही मोलाची आहे. तिला ‘हे खरे नव्हे’ म्हणून हुसकून लावणारा रसिक माझ्या लेखी अरसिक. फक्त छाया ज्याची आहे त्या झाडाची ओळख पोरीला एकदा तरी घडावी, एवढीच अपेक्षा.

तेव्हा वाचकहो, ह्या दिवाळीत तुमच्या घरी टॅब्लेट येणार असेल, तर येऊ द्या. पोर त्यावर गाणे करीत असेल तर रागावू नका, आणि पहिल्याच रचनेला ‘वा’ म्हणून नातेवाइकांत फिरवूही नका. ती स्वर गाळण्याची आणि मात्रा ओढण्याची सोय तेवढी बंद करायला सांगा. चार दिवस घरात बेसुराचा कहर होईल. फराळाच्या धामधुमीत तो खपून जाईल. मग एका रात्री फटाके थांबल्यावर पोराला काचेवरचा तंबोरा लावायला सांगा, आणि दोघेही गप्प बसा. खर्जातून गांधार येतो का, एवढेच विचारा. आला नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. आला म्हणाले, तर पेटीला एकोणीसशे एकाहत्तरपर्यंत जे दार उघडायची वाट पाहावी लागली, ते तुमच्या घरापुरते टॅब्लेटला उघडले असे खुशाल समजा.