टाकीतील समुद्र : प्रयोगाधिष्ठित सागरविज्ञान-अध्यापनाचे सामर्थ्य आणि मर्यादा

सागरविज्ञानाच्या अध्यापनात एक मूलभूत अडचण आहे. ज्या वस्तूचे ज्ञान द्यावयाचे ती वस्तू वर्गात आणता येत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर पान ठेवता येते, भूशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती दगड देता येतो. समुद्राच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र बहुधा नकाशा आणि समीकरण एवढेच येते. ही उणीव भरून काढण्यासाठी पाण्याच्या टाकीचा आश्रय घेण्याची पद्धती आता अनेक विद्यापीठांत रूढ झाली आहे. तिचे समर्थन करताना ‘अदृश्य ते दृश्य होते’ असे म्हटले जाते. हे समर्थन खोटे नव्हे, पण अपुरे आहे. टाकीत जे दृश्य होते ते समुद्राचे वर्तन, की समुद्राविषयीच्या उपपत्तीचे वर्तन, हा प्रश्न त्यात अनुत्तरितच राहतो. या पद्धतीचे मूल्यमापन या प्रश्नाच्या आधारेच झाले पाहिजे.

टाकीचा प्रयोग ही अलीकडची अध्यापनयुक्ती आहे असा समज असेल तर तो इतिहासाला धरून नाही. लुइजी फेर्दिनांदो मार्सिल्यी याने १६७९-८० च्या सुमारास बॉस्फरस सामुद्रधुनीतील प्रवाहांचे निरीक्षण केले. पृष्ठभागावरील पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे वाहते. पण खोलीवर प्रवाह उलट दिशेने जातो, हे तेथील कोळ्यांना ठाऊक होते. मार्सिल्यीने पांढऱ्या रंगाची बुचे बांधलेली दोरी पाण्यात सोडून त्याची खातरजमा केली. पुढे त्याने एका पेटीत मधोमध पडदा बसवून एका बाजूस जड, खारे पाणी व दुसऱ्या बाजूस हलके पाणी भरले. पडद्याची वरची व खालची छिद्रे उघडताच खालून एक व वरून त्याच्या उलट असे दोन प्रवाह सुरू झाले. हे निरीक्षण त्याने १६८१ मध्ये प्रसिद्ध केले. पेटीत वारा नव्हता, नदी नव्हती, उतार नव्हता. तरी प्रवाह झाला. तेव्हा घनतेतील फरक एवढे एकच कारण प्रवाहास पुरेसे आहे, हे सिद्ध झाले. येथे पेटीने बॉस्फरसची प्रतिकृती केली नाही; तिने अनेक संभाव्य कारणांतून एक कारण वेगळे काढून दाखविले.

दुसरे उदाहरण व्हागन वालफ्रीड एकमन याचे. १८९३ मध्ये नान्सेनचे ‘फ्राम’ हे जहाज सैबेरियाच्या किनाऱ्यालगत ‘मृतजला’त सापडले. समुद्र शांत असूनही एंजिनाचा जोर जणू वाया जात होता आणि जहाज पुढे सरकत नव्हते. एकमनने टाकीत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर देऊन त्यावरून जहाजाची छोटी प्रतिकृती ओढली. वरचा पृष्ठभाग जवळजवळ स्थिर राहिला, पण दोन थरांच्या सीमेवर मोठ्या लाटा उठल्या. जहाजाची शक्ती या अंतर्गत लाटा निर्माण करण्यात खर्ची पडत होती. हे संशोधन १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. प्रश्न समुद्राने विचारलेला होता, आणि टाकी त्यानंतर आली. आजच्या वर्गात हा क्रम बहुधा उलटा झालेला दिसतो. टाकी आधी येते, रंग सोडला जातो, विद्यार्थी विस्मित होतात, आणि प्रश्न मागाहून शोधला जातो, किंवा शोधलाच जात नाही.

हा क्रम सुलटा केल्यास साधे साधनही किती समर्थ ठरते, याचे उदाहरण म्हणून बर्फाच्या खड्याचा प्रसिद्ध प्रयोग घ्यावा. खोलीच्या तपमानाच्या दोन चंचुपात्रांत, एकात गोडे व दुसऱ्यात खारे पाणी घेऊन, प्रत्येकात रंगीत बर्फाचा सारखाच खडा सोडावयाचा. कोणता खडा आधी वितळेल? मिठाने बर्फ वितळते हे ऐकून असलेला विद्यार्थी सहसा खाऱ्या पाण्याच्या बाजूने मत देतो. घडते ते उलट. गोड्या पाण्यात वितळलेले थंड पाणी खाली बुडते, त्याची जागा कोमट पाणी घेते, आणि बर्फाला सतत उष्णता मिळत राहते. खाऱ्या पाण्यात मात्र वितळलेले गोडे पाणी हलके असल्यामुळे वरच तरंगते व बर्फाभोवती थंड थर धरून राहते. हा परिणाम केवळ पाहिला तर ती करमणूक होते. आधी लेखी अंदाज बांधून मग पाहिला तर विद्यार्थ्याला स्वतःच्या तर्कातील दोष सापडतो. प्रयोगाचे शैक्षणिक मूल्य साधनाच्या किमतीत नसून या क्रमात आहे.

फिरत्या पात्राकडे वळल्यावर प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. जी. आय. टेलर याने १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, वेगाने फिरणाऱ्या द्रवात एखादी वस्तू सावकाश सरकविली तर तिच्या माथ्यावरचा द्रवाचा संपूर्ण स्तंभ तिच्यासह सरकतो. तळाशी ठेवलेली ठेंगणी चकती पृष्ठभागावरील रंगाच्या रेघेलाही वळसा घ्यावयास लावते. जे. प्राउडमन याने १९१६ मध्ये गणिताने सांगितलेले हे तत्त्व कागदावर असंभाव्य वाटते. डोळ्यांनी पाहिल्यावर त्यावर विश्वास ठेवणे भाग पडते.

परंतु हे पात्र समुद्राशी कोणत्या अर्थाने सदृश आहे? ४० सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर खोल पाणी मिनिटाला १० फेरे या गतीने फिरत असेल आणि त्यातील प्रवाह सेकंदाला १ सेंटिमीटर असेल, तर रॉसबी अंक सुमारे ०.०१ येतो. मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे १९° उत्तरेस, १०० किलोमीटर विस्ताराच्या व सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाच्या प्रवाहासाठी तो सुमारे ०.०२ येतो. परिवलनाचे प्राबल्य दोहोंत सारखेच आहे. पात्र समुद्राचे प्रतिनिधित्व करते ते एवढ्याच आधारावर. हे दोन अंक विद्यार्थ्याने स्वतः काढले नाहीत, तर पात्र त्याच्या दृष्टीने खेळणेच राहील.

विसदृशतेचा हिशोबही तितकाच आवश्यक आहे. त्याच पात्रात तळाचा एकमन थर सुमारे १ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि घर्षणाचा प्रभाव सुमारे १०० सेकंदांत, म्हणजे पात्राच्या १६ ‘दिवसांत’, सर्व पाण्याला व्यापतो. पात्राची खोली रुंदीच्या चौथ्या हिश्शाएवढी. महासागर मात्र काही किलोमीटर खोल व हजारो किलोमीटर रुंद, म्हणजे प्रमाणाने कागदाच्या तावासारखा. शिवाय अक्षांशागणिक कोरिऑलिस प्रभाव बदलतो, पात्रात तो सर्वत्र एकच असतो. तळाला उतार देऊन या बदलाची उणीव काही अंशी भरून काढता येते. पण विषुववृत्तावर तो प्रभाव शून्य होऊन पलीकडे त्याची दिशा पालटते, हे सामान्य फिरत्या पात्राला दाखविता येत नाही. भारतीय वाचकाच्या दृष्टीने ही मर्यादा गौण नव्हे. मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा पालटणारा सोमाली प्रवाह किंवा १९७३ मध्ये क्लाउस विर्टकी याने वर्णिलेले विषुववृत्तीय प्रवाह हे उत्तर हिंदी महासागराच्या अभ्यासाचे प्रमुख विषय आहेत. मध्य अक्षांशांतील देशांत घडलेला प्रयोगक्रम येथे जसाच्या तसा उचलला, तर नेमका आपल्या दारातील समुद्र अभ्यासातून निसटतो.

टाकी काय सिद्ध करते या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उत्तर हेन्री स्टॉमेल याच्या कार्यात सापडते. स्टॉमेल, आरन्स व फॅलर यांनी १९५८ मध्ये फिरत्या पात्रातील प्रयोग प्रसिद्ध केले. पात्राच्या एका भागात पाणी सोडले असता ते सरळ न पसरता पश्चिमेच्या कडेने अरुंद प्रवाह करून जात होते, आणि ही रचना उपपत्तीशी जुळत होती. त्यापूर्वी १९५७ मध्ये स्वॅलो व वर्दिंग्टन यांनी खोल पाण्यात स्थिर पातळीवर तरंगणारे प्लव सोडून गल्फ स्ट्रीमच्या खाली दक्षिणेकडे जाणारा प्रवाह मोजला होता. उपपत्ती, टाकी व समुद्र यांचे एकमत झाले असे वाटले. परंतु १९५९-६० मध्ये ‘एरीज’ जहाजावरून बर्म्यूडाच्या परिसरात सोडलेल्या प्लवांनी वेगळेच सांगितले. उपपत्तीने अपेक्षिलेल्या संथ, व्यापक प्रवाहाऐवजी कित्येक पटींनी वेगवान व सतत बदलणारे भोवरे आढळले. टाकीने उपपत्तीची परीक्षा प्रामाणिकपणे घेतली होती. समुद्राची परीक्षा ती घेऊच शकत नव्हती. उपपत्तीत जे गृहीत धरलेले नाही ते त्या उपपत्तीच्या मापाने बनविलेल्या टाकीतही सहसा अवतरत नाही.

या निकषावर पाहता जॉन मार्शल व ॲलन प्लंब यांचे २००८ मधील पाठ्यपुस्तक प्रशंसनीय ठरते, कारण त्यात फिरत्या पात्राचे प्रयोग परिशिष्टात न टाकता उपपत्ती व प्रत्यक्ष निरीक्षणे यांच्या शेजारी ठेवले आहेत. तिन्ही साक्षी एकत्र आल्या म्हणजे वाचकाला तुलना करता येते. मात्र अशा ग्रंथांतही भर सादृश्यावर अधिक असतो. प्रयोग जेथे समुद्राशी जुळत नाही तेथे अधिक वेळ थांबणे अध्यापकाच्या हाती राहते, आणि तो बहुधा थांबत नाही.

१९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाल्यापासून या विषयाकडे वळणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला समुद्रावर जाण्याची संधी पूर्वीपेक्षा अधिक आहे. तरी प्रत्येकाला जहाज लाभत नाही. त्यामुळे टाकीची गरज राहीलच. ती भागविण्यासाठी महागडे यंत्र हवेच असे नाही. मार्सिल्यीची पेटी कोणत्याही सुताराला करता येईल. हवी आहे ती एक शिस्त : प्रयोगापूर्वी अंदाज, प्रयोगानंतर मापन, आणि मापनानंतर ‘हे समुद्रात का घडणार नाही’ या प्रश्नाचे लेखी उत्तर. हे उत्तर लिहू शकणारा विद्यार्थी टाकीजवळून उठताना समुद्राकडे तोंड करून उठतो. इतरांनी केवळ रंगीत पाणी पाहिलेले असते.